बुधाजीच्या हाताचा हार

अकोल्याच्या जुन्या शहरात गोवर्धन फुलवाला हार हातानं मोजून विकायचा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आता गोवर्धनची उंची सव्वातीन फूट आणि हात त्याच बेताचे, त्यामुळे त्याचे सात हात म्हणजे दुसऱ्याचे पाच, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. गिऱ्हाईक म्हणायचं, "गोवर्धनभाऊ, दोन हात वरचे टाका." तोही हसत हसत टाकायचा.

लेक रागिणी दोन वर्षांची झाली, डुलत डुलत चालू लागली आणि तिची वाढ थबकली, तेव्हा मात्र त्याचं हसू आटलं. डॉक्टर म्हणाले, हाडांचा हा आजार फार विरळा, हिला वडिलांकडून आला. डॉक्टर सहज बोलून गेले. गोवर्धननं ते बोलणं वीस वर्षं उराशी धरून ठेवलं.

आज रागिणीचं पहिलं कीर्तन होतं, गल्लीतल्या मारुतीच्या देवळात.

"बाबा, समोर बसजा. तुमी दिसले का मले धीर येते."

"नाई वो माय. आपण दोघं एका जागी दिसलो का लोक कीर्तन सोडून उंची मोजाले टेप काढतात. मी खांबामागून ऐकतो."

त्याची बायको रुख्मिणी झेंडू निवडता निवडता म्हणाली, "खांब कायले पाहिजे? तुमी तं टोपलीमागंबी मावता."

गोवर्धन उठला आणि शेजारच्या बुधाजीकडे गेला. बुधाजी मृदंग वाजवायचा. सहा फुटी माणूस, दारातून वाकून येणारा.

"बुधाजी, तुया हात दे."

"काहून? कोणाचं लगन लावतं?"

"हार मोजाचा हाय. पोरीच्या हारात तरी कोणी कमी काढू नये."

बुधाजीनं हात पुढे केला. त्या हातानं सात हात मोजून गोवर्धननं शेवंती आणि गुलाबाचा असा हार ओवला, की मारुतीलाही हेवा वाटावा.

चार वाजता कीर्तन उभं राहिलं. रागिणीचा आवाज लागला आणि टेप काढायला आलेल्यांचे हात टाळीला लागले. खांबामागं गोवर्धन डोळे पुसत होता. निरूपण संपलं. आता रीतीप्रमाणे बुक्का आणि हार, मग आख्यान. देवळाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी तो हार रागिणीच्या गळ्यात घातला.

हार गळ्यातून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पावलांवर आला आणि तरी उरला. उरलेला जमिनीवर वेटोळं घालून बसला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मृदंगावर बसलेला बुधाजी आपल्या हाताकडे असा बघू लागला, जणू तो चोरी करताना सापडला होता. खांबामागच्या गोवर्धनला वाटलं, धरणीनं आता जागा द्यावी. आपल्याला लागणार तरी किती!

रागिणीनं वेटोळ्याकडे पाहिलं, मग बुधाजीच्या हाताकडे, मग खांबाकडे.

"मायबापहो, हा हार माया बाबानं ओवला. जलमभर आपल्या हातानं मोजला, आज बुधाजीकाकाचा हात उसना आणला. काहून? तं पोरगी बुटकी दिसू नये म्हणून!" सगळं देऊळ हसलं. "डॉक्टर सांगतात, माये हाडं बाबाकडून आले. खरं हाय. पण मंग हा गळा कोणाकडून आला? फुलं ओवता ओवता माया बाबा रोज पहाटे अभंग म्हणते. पाळण्यातून तेच ऐकलं मी. बाबा, या इकडे. अर्धा हार तुमचा हाय."

गोवर्धन हलेना. शेवटी रुख्मिणीनं मागून ढोसलं. "जा ना! लोकाईले खांबच दिसून राहिला."

तो डुलत डुलत पुढे आला. रागिणीनं हार उचलून दुसरा वेढा बापाच्या गळ्यात टाकला. एका हारात दोघं. बुधाजीनं मृदंगावर अशी थाप मारली, की देवळाच्या माळ्यावरची कबुतरं उडाली.

पण गळ्यातला हार आख्यान संपेतो काढायचा नसतो, ही रीत. म्हणजे गोवर्धनला खांबामागं परतायची सोय उरली नाही. कोणीतरी त्याच्या हातात टाळ दिले.

अर्ध्या तासानं तो हळूच पुटपुटला, "माय, गुडघे दुखून राहिले वो."

"मायेबी दुखून राहिले," रागिणी अभंगाच्या दोन ओळींमधून म्हणाली. "टाळ वाजवा."