चष्मा न लावता घेतलेलं जॅकेट

हेक्टर मॅकिनन मेंढ्यांना शिव्या घालताना कधी अडखळत नाही, पण ऊना मॅक्वॉरी समोर आली की त्याची बोबडी वळते. मी आमच्या बेटावरचा पाद्री, त्यामुळे हे दुखणं दर रविवारी माझ्याच कानांवर येतं. तीन वर्षं त्याला ऊनाला लग्नाचं विचारायचं होतं. आणि आता ऊना आपलं चहाचं दुकान बंद करून सोमवारच्या बोटीनं डंडीला, बहिणीकडे, कायमची निघाली होती.

"गुरुवारी नक्की विचारतो, पाद्रीबाबा," हेक्टर म्हणाला. "आधी बोटीनं ओबानला जाऊन आमच्या घराण्याच्या चौकटींचं नवं जॅकेट आणतो. या कोटाला मेंढ्यांचा वास येतो."

"कोटाला नाही, तुला येतो. आजच विचार."

ऐकेल तर तो हेक्टर कसला!

गुरुवारी दुपारी धुक्यातून वाट काढत मी ऊनाच्या दुकानात शिरलो. भिजलेला, भुकेला आणि वैतागलेला. आत गिऱ्हाईक दिसेना. शेगडीजवळ एक जुना सोफा होता. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचं चौकटींचं कापड वेगळं; ऊनाच्या वडिलांनी तो मॅक्वॉरींच्या तांबड्या-हिरव्या चौकटींच्या कापडानं मढवून घेतला होता. उशा त्याच कापडाच्या, पांघरूणही त्याचंच.

"हेक्टर आला नाही?" मी विचारलं.

"तो कशाला येतोय!" ऊनानं किटली आपटली. "तीन वर्षं खिडकीजवळचं टेबल त्याच्यासाठी राखून ठेवतेय. मेला सूप पितो, वारा कुठून सुटलाय ते सांगतो आणि जातो. एकदा विचारलं असतं, तर मी कशाला गेले असते त्या डंडीला?"

मला भरून आलं. भरून आलं की मला बसावं लागतं. माझं वजन एकशे अठरा किलो. मी सोफ्यावर बसलो.

सोफा किंचाळला.

"ऊना, माझ्याशी लग्न कर!" माझ्या खालून आवाज आला. "आणि यांना उठव!"

बोट लागल्यामुळे बेजार झालेला हेक्टर, ऊना मागे बशा धूत असताना आत येऊन, पांघरूण ओढून उशांमध्ये झोपी गेला होता. अंगात नवं लोकरी जॅकेट, गोधडीसारखे टाके घातलेलं, तांबड्या-हिरव्या चौकटींचं. मला काय दिसणार, कपाळ?

मी उठायला गेलो, पण तो सोफा असा खोल की त्यातून मला ओढून काढायला दोन माणसं लागतात. ऊनाला माझी घाई नव्हती. तिनं वाकून हेक्टरची बाही चिमटीत धरली.

"हे आमचं कापड आहे. मॅक्वॉरींचं."

"मी मॅकिननचंच घेतलं! चिठ्ठीवर 'मॅक' लिहिलं होतं..."

"इथे सगळेच मॅक आहेत, बावळटा. चष्मा कुठाय?"

"घरी."

आमच्याकडे लग्नानंतर बायको नवऱ्याच्या घराण्याच्या चौकटी घालते. नवऱ्यानं बायकोच्या घातलेल्या मी तरी पाहिल्या नव्हत्या, त्याही लग्नाआधीच. हेक्टरचं तोंड जॅकेटपेक्षा लाल झालं. त्यात थोडा वाटा माझाही असेल.

"बदलून आणतो," तो कण्हला. "उद्याच्या बोटीनं."

"खबरदार!" ऊना म्हणाली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. "आमच्या घराण्यात आलायस, आता परत जायचं नाही."

मग ती माझ्यावर उखडली.

"आणि पाद्रीबाबा, तुम्ही बसलात काय! उठा. माझा नवरा आहे तो."