भुताला वन्स मोअर

तुम्ही आजवर माझ्यावर पाहिलंत, माझ्याकडे नाही. माझ्यावर लग्नं लागलेली पाहिली, मारामाऱ्या पाहिल्या, आणि दिवे लागले की पाठ फिरवून चालते झालात. राग नाही हो. भंडाऱ्यातल्या एका टॉकीजचा मी पडदा. गंमत म्हणजे मी स्वतः एकही सिनेमा पाहिलेला नाही. सिनेमा माझ्या अंगावर पडतो, मला दिसता ते तुम्ही. सिनेमाचं मला सगळं कळतं ते ऐकून. माझ्या अंगाला बारीक बारीक हजारो भोकं आहेत, आणि पाठीमागच्या कर्ण्यांचा आवाज त्यांतूनच तुमच्यापर्यंत येतो.

मी रेल्वेने वरठीला उतरलो आणि तिथून टेम्पोने टॉकीजमध्ये आलो. मालक मधुकरराव विणकरांच्या घरातले. त्यांनी मला उलगडून साडीचा पदर तपासावा तसं दोन बोटांत चोळून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कापड कुठं होय? हे त रेक्झिन हाय." पहिल्याच दिवशी असा अपमान! पण चौकटीवर ताणून बसवलं तेव्हा तेच म्हणाले, "बसला बा मस्त." तेवढ्यावर मी खूश झालो.

इथल्या लोकांची एक खोड आधी सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, तिथे नाटकं होतात. एखादं गाणं आवडलं की लोक 'वन्स मोअर' ओरडतात आणि नट बिचारा घाम पुसून पुन्हा उभा राहतो. तीच सवय घेऊन मंडळी टॉकीजमध्ये येतात. गाणं संपलं की ओरडतात, "वन्स मोअर!" मशीन काय ऐकणार? पुढच्या प्रसंगात कुणी मरत असलं तरी यांचं ओरडणं चालूच. मला मात्र ती खोड फार आवडते.

मंगरू मला असाच एका मंडईच्या दिवसांत भेटला. टॉकीजमागच्या मैदानात एक फिरता भूतबंगला यायचा. काळ्या कापडाचा तंबू, आत अंधार, दोरीला लोंबणारे सांगाडे. धानाची कापणी आटोपली की मंगरू त्या तंबूत भुताचं काम करायचा. तंबू संध्याकाळी उघडायचा, म्हणून दुपारी हा माझ्यासमोर येऊन बसायचा आणि खलनायकांचं हसणं शिकायचा. मध्यंतरात हॉल रिकामा असला की माझ्या अगदी जवळ येऊन हसून बघायचा. आधी घशातून, मग छातीतून, मग थेट बेंबीच्या देठापासून. एकदा तर दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला होता.

"तुमच्यात त भूत मानत नाई ना?" त्या माणसाने त्याला विचारलं. मंगरूचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध.

"नाई मानत मनूनच त बनता येते," मंगरू म्हणाला. "मानलं असतं त माझा मीच भेलो असतो."

मग एक दुपार आली. मंगरूचा मुलगा संघपाल तेव्हा बारा वर्षांचा, शाळेतल्या मित्रांबरोबर सिनेमाला आला होता. मंगरू तिसऱ्या रांगेत एकटाच बसलेला. पोरांनी त्याला ओळखलं आणि संघपालला चिडवू लागली, "भुताचा पोट्टा, भुताचा पोट्टा! तो पाय तुझा बाप बसला!"

संघपालचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "तो माझा बाप नोहोय."

मंगरूने ऐकलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मध्यंतरात उठला, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि गेला. त्यानंतर तो टॉकीजमध्ये आला नाही, भूतबंगल्याचं कामही त्याने सोडलं. दोन्ही चेहरे मी समोरून पाहिले होते. पडद्याला विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मधे पंचवीसेक वर्षं गेली. रीळ गेलं, नवं मशीन आलं. माझ्या डाव्या कोपऱ्याला दोन ठिगळं लागली. लोक आपापल्या मोबाइलवर एकेकटे हसू लागले आणि माझ्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

आणि यंदा तो सिनेमा आला. परदेशातल्या कुठल्याशा करमणुकीच्या बागेत भुतांच्या आगगाडीचा खेळ आहे म्हणे. डब्यात बसायचं, बोगद्यात शिरायचं, किंचाळत बाहेर यायचं. त्या खेळावरच हा सिनेमा, हिंदीत केलेला. खेळ उद्यापासून बंद होणार असतो. शेवटच्या दिवशी एक कुटुंब आत अडकतं आणि त्यांना तिथलं म्हातारं भूत भेटतं. उद्या आपल्याला भ्यायला कुणीच येणार नाही, या विचाराने ते भूतच भेदरलेलं असतं.

काय सांगू तुम्हाला, खेळाच्या गाडीवरून असा सिनेमा काढणाऱ्याला माझा सलाम! आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच वेळी दचकत होते आणि एकाच वेळी हसत होते. लाखनीहून आलेल्या मनकर्णाबाई सिनेमातल्या आईला बजावत होत्या, "बाई, तिकडं नोको जाऊ वं!" ती गेलीच, तेव्हा यांनी कपाळाला हात लावला. एवढे चेहरे एकदम उजळलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

एका रविवारी बाराच्या खेळाला मनकर्णाबाई पुन्हा आल्या होत्या, आणि त्याच खेळाला संघपालही आला. आता तो वरठीच्या कारखान्यात नोकरीला आहे. बरोबर बायको तृप्ती, नऊ वर्षांची मुलगी हर्षा आणि पांढऱ्या केसांचा मंगरू. मी त्याला चालीवरून ओळखलं.

दिवे जायच्या आधी मंगरू नातीला म्हणाला, "असा भूतबंगला आपल्या मंडईत..."

"बाबा," संघपालने हळूच अडवलं, "हर्षासमोर नोको ना ते."

मंगरू माझ्याकडे बघू लागला. हर्षाने विचारलं, "काय, आबाजी?" तो म्हणाला, "काई नाई, बेटा." आपला आजा काय होता हे त्या पोरीला माहीतच नव्हतं, आणि या घरात कुणी ते सांगणारही नव्हतं. माझा जीव तुटला.

मध्यंतरानंतर शेवटाकडे मोठा प्रसंग येतो. सगळी हिंमत एकवटून म्हातारं भूत आयुष्यातलं शेवटचं हसणं हसतं. त्या हसण्याची वेळ आली, आणि नेमके माझ्यामागचे कर्णे बंद पडले. चित्र चालू, आवाज गायब. पोट्टे शिट्या मारू लागले. "आवाज! आवाज!" हर्षाही ओरडत होती.

मंगरूचे ओठ हलताना मला दिसले. त्याने एकदा मुलाकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि हसला.

आधी घशातून, मग छातीतून, मग बेंबीच्या देठापासून. माझ्या हजारो भोकांतून ते हसणं आरपार गेलं. आधीच्या खेळांत कर्ण्यांतून भुताचं हसणं जिथे जिथे यायचं, तिथे मंगरूचा आवाज नेमका बसत होता. मनकर्णाबाईंच्या हातातले फुटाणे सांडले. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग सगळेच ओरडले.

मशीनवरच्या कुंदनने सिनेमा थांबवला, दिवे लावले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आवाज आला जी. मागं नेऊन पुन्हा लावू का?"

"चित्र मागं नेऊन लाव," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आवाज बंदच ठेव. भूत इथंच बसला हाय."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "पन हाय कोन हा बुढा?"

मंगरूने मान खाली घातली. त्याला वाटलं असणार, आता पुन्हा तेच ऐकावं लागेल. मलाही तीच भीती वाटली.

संघपाल उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "माझा बाप हाय. मंडईच्या भूतबंगल्यात भूत होता. त्याच्यासारखा दुसरा भूत झाला नाई."

हर्षा आजोबाकडे बघतच राहिली. "खरंच, आबाजी? मले काहून नाई सांगितलं?"

"तुझ्या बापाले विचार," मंगरू म्हणाला. पण त्याचा हात संघपालने घट्ट धरला होता, आणि तो सोडवायची त्याला काही घाई नव्हती.

कुंदनने प्रसंग पुन्हा लावला. इतक्या वर्षांत मशीनने ऐकलेला हा पहिला वन्स मोअर.

आता मी थकलोय. नवा, लखलखीत पडदा यायचाय म्हणतात. येऊ दे बापडा. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, कधीमधी घरच्यांना घेऊन येत जा आणि एकाच अंधारात बसून हसत जा.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मंगरू पुढे आला. माझ्या ठिगळांवरून त्याने हात फिरवला आणि विचारलं, "अजून हायेस का रे?"

मला तोंड नाही. असतं तर मीही ओरडलो असतो, वन्स मोअर.