तामेझोचा जांभळा

“अहो, निळा जरा जास्त झालाय का?”

हात्सुएने विचारलं आणि लगेच जीभ चावली. कापडाचे व्यापारी हिरोसे समोरच बसले होते. त्यांच्यादेखत बोलायला नको होतं.

तामेझोने रंगाचं भांडं खाली ठेवलं. भांड्यात फुजीच्या, म्हणजे वेलीवर घोसांनी लोंबणाऱ्या फुलांचा जांभळा होता. हिरोसेंच्या एका बड्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं, आणि तिच्या पांढऱ्या रेशमी किमोनोवर खांद्यापासून घोट्यापर्यंत फुजीचे घोस लोंबायचे होते. असा जांभळा साऱ्या क्योतोत फक्त तामेझो काढतो, असं हिरोसे सांगत फिरायचे.

“ऐकलंत का, हिरोसे-सान? बाईसाहेब मला रंग शिकवतायत.”

दोघे कारागीर खाली मान घालून हसले. हिरोसेही हसले. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने याहून वाईट ऐकलं होतं. पण समोर हसणारी माणसं दिसली की तामेझोला चेव चढायचा.

“अहो, हिची नजर काय सांगू तुम्हाला! पोटची पोरगी कावीळ होऊन पिवळीधमक पडली, तरी आईला पत्ता नाही. पोरगी गेल्यावर म्हणते, अगंबाई, पिवळी दिसतेय की!”

हिरोसेंनी चहाचा पेला तोंडाला लावला. कारागिरांपैकी एक जण फिसकन हसला. हात्सुए रिकामी बशी उचलून आत गेली.

पोरगी अकरा दिवसांची होती. “अहो, ही पिवळी दिसतेय,” असं हात्सुएने तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी तामेझोने बाळाला खिडकीशी नेऊन पाहिलं आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. “दुपटं हळदीत रंगवलेलं आहे ना, त्याचा रंग गालावर पडलाय. तुला काय कळतं त्यातलं?” डॉक्टर आला तो त्यानंतर चार दिवसांनी. ही गोष्ट हात्सुएने कधी कुणाला सांगितली नाही. तामेझोलाही ती आतून खात असेल, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. तो ती उलटी करून, तिच्या माथी मारून, मजेत जगत होता हे तिला आज कळलं.

चार वाजले तसा तामेझो पंचा खांद्यावर टाकून गल्लीतल्या हमामखान्यात गेला. कारागीर विडी ओढायला बाहेर पडले.

हीच तिची वेळ होती. म्हातारपणी डोळ्यांवर पिवळट पडदा चढतो, निळा रंग मग कमी दिसतो आणि माणूस तो ओततच राहतो. तामेझोचं हे सहा वर्षांपासून चाललं होतं. रंगाचं खरं रूप वाफ देऊन, नदीत धुतल्यावरच उघडं पडतं. म्हणून बाकीचे रंगारी आधी कापडाच्या चिंधीवर रंग लावून, शेगडीवर सुकवून बघतात. तामेझोला तो कमीपणा वाटायचा. चिंध्या नवशिक्यांनी सुकवाव्यात, म्हणायचा. मग तो अंघोळीला गेला की हात्सुए चिंधी सुकवायची आणि थेंब थेंब लाल घालून रंग ताळ्यावर आणायची. साऱ्या क्योतोत नावाजलेला जांभळा सहा वर्षं तिचाच होता.

आजही तिने चिंधी सुकवली. हातात लालाची वाटी घेतली. नवऱ्या मुलीचा विचार मनात आला. तिचा बिचारीचा काय दोष? मग तिला ते फिसकन हसणं आठवलं. तिने वाटी फळीवर ठेवून दिली आणि ती तांदूळ धुवायला गेली.

आठ दिवसांनी कामो नदीत त्या किमोनोचं थान धुतलं जाताना ती काठावर उभी होती. गुडघाभर पाण्यातल्या माणसांनी रेशीम हिसळलं, खळ निघून गेली आणि घोस दिसू लागले. थंडीने ओठ काळेनिळे पडावेत तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिरोसे आले. आज ते बसले नाहीत.

“तामेझो-सान, हे मी नवरीच्या आईसमोर उलगडलं. ती बाई म्हणाली, हा रंग लग्नाला नेसवायचा की मयताला?”

“भट्टीवाल्यांनी वाफ जास्त दिली असणार.”

“त्याच भट्टीत माझी आणखी बारा थानं होती. सगळी चांगली निघाली.” हिरोसेंनी थान चटईवर टाकलं. “पुढचं काम मी दुसरीकडे देतोय. डोळे दाखवून घ्या कुणाला तरी.”

ते गेल्यावर तामेझोने थान खिडकीशी नेलं. जवळ धरलं, लांब धरलं. कारागिरांकडे पाहिलं, तर दोघांनीही कामात डोकं घातलेलं.

“हात्सुए,” त्याने हाक मारली. इतका हळू आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “मला तर नेहमीसारखाच दिसतोय गं. तू सांग. खरं सांग.”

तिने खिडकीतून येणाऱ्या उजेडात थान धरलं. हा माणूस जन्मात पहिल्यांदा तिला रंग विचारत होता. खरं सांगितलं असतं तर तो डॉक्टरकडे गेला असता, कदाचित हातपाय गाळून रडलाही असता, आणि उद्यापासून दोघांनी मिळून चिंध्या सुकवल्या असत्या.

“छान झालाय,” ती म्हणाली. “तुमच्या हातून इतका सुंदर जांभळा आजवर निघाला नव्हता.”

“खरंच?”

“हिरोसे-सानना पारख नाही. बाजारात आणखी व्यापारी आहेत की. त्यांना नेऊन दाखवा.”

तामेझोचा चेहरा उजळला. त्याने कोट चढवला. हात्सुएने थान नीट घडी करून रुमालात बांधून दिलं आणि त्याच्या खडावा दाराबाहेर सरळ करून ठेवल्या.

“एकूणएक दुकान पालथं घालतो आज,” तो म्हणाला.

“सावकाश जा,” ती म्हणाली. गल्लीच्या टोकाला तो वळेपर्यंत ती रीतीप्रमाणे दारात कमरेतून वाकून उभी राहिली. तो वळून दिसेनासा झाला, तरी ती बराच वेळ तशीच वाकून होती.