पूर्ण शक्तीवर

“स्टुडिओ, काहीतरी बोला. लेव्हल बघायचीय.”

“काय बोलू?”

“काहीही बोला हो. दूध संपलंय, ते बोला.”

“दूध संपलेलं नाही. तुम्ही सकाळी फ्रिज उघडून बघितलाच नाहीत.”

“लेव्हल ठीक आहे,” हे म्हणाले आणि हॉटलाइनचा थेट फोन ठेवून दिला.

तर हा माझा नवरा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ड्यूटीवर असले की ह्यांच्यासाठी मी ‘स्टुडिओ’, आणि सगळं बोलणं अहोजाहोत. हे गावाबाहेरच्या ओसाड माळावर ट्रान्समीटरपाशी, मी गावात माइकपाशी. मी बोलायचं आणि ह्यांनी ते लांबवर फेकायचं, अशी आमची वाटणी.

त्या ट्रान्समीटरला मी सवत म्हणते. म्हणायला नको का? तिचं कायम काहीतरी दुखत असतं. कधी पाल नको तिथे शिरते आणि जळून जाते, मग हे अर्धा दिवस तिचे अवशेष वेचत बसतात. कधी उंदीर केबल कुरतडतात. वीज नुसती लुकलुकली तरी बाईसाहेब रुसून बंद पडतात. मनोऱ्याखाली गवत वाढलं तर ते कापायचं, पंख्यात धूळ बसली तर ती पुसायची. घरातला पंखा मात्र मीच पुसते. आणि गंमत म्हणजे ह्यांनी आयुष्यभर रेडिओ ऐकला, पण त्यावर कोण काय बोललं ते विचारलं तर सांगता येणार नाही. ह्यांना ऐकू येते ती घरघर, खरखर आणि लेव्हल. माझा एखादा कार्यक्रम चांगला झाला की लोक फोन करायचे, हे म्हणायचे, “आज ‘स’ जरा टोचत होता.”

त्या दिवशी मात्र नुसता ‘स’चा प्रश्न नव्हता.

माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाजाची एक नस दुखावली. शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं, तर दुसरंच कोणीतरी पाणी मागतंय असं वाटलं. ज्या आवाजाला लोक बाजारात ओळखायचे, भाजीवाला मापात चार मिरच्या जास्त टाकायचा, त्याच्या जागी आता फाटका, श्वास गळणारा आवाज बसला होता. डॉक्टर म्हणाले, “यापुढे असाच राहील.” मी घरी येऊन चादरीत तोंड खुपसून रडले. रडणंसुद्धा घोगरं निघालं.

रजा संपल्यावर केंद्रप्रमुखांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण आडपडदा ठेवत नाही. म्हणाले, “एक दिवस तुमचा सकाळचा फोनचा कार्यक्रम करून बघा. मी इथेच, माझ्या खोलीत रेडिओवर ऐकतो. जमलं तर जमलं. नाहीतर रेकॉर्डच्या खोलीची जबाबदारी घ्या, पगार तोच.” रेकॉर्डच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. तिथे दिवसभर कोणाशी बोलायचं नसतं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ बुटाची लेस सोडत बसले आणि शेवटी म्हणाले, “बघू काय करता येतं ते.” मी वैतागले. “तुम्ही काय करणार आहात? आवाज माझा आहे!” त्यावर हे काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तर त्या सकाळी लेव्हल बघून झाली. काचेपलीकडे आमचा ड्यूटी ऑफिसर बसला होता. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण समोर जगबुडी झाली तरी हा आधी काट्याकडे बघतो. त्याने बोट वर केलं, लाल दिवा लागला.

“नमस्कार, श्रोतेहो,” मी म्हटलं.

माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये हवेतून परत आलेला आवाज असतो. म्हणजे मी बोलते, तो माळावर जातो, मनोऱ्यावरून सुटतो, आणि आमच्या रेडिओवर पकडून पुन्हा माझ्या कानात येतो. आपण खरंच प्रसारित होतोय की भिंतीशी बोलतोय, हे कळावं म्हणून ती सोय. तर मी नमस्कार म्हटलं आणि कानात माझा जुना आवाज आला.

अगदी जुना नाही, पण बराचसा. भरलेला, गोल, गुळगुळीत. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, अगंबाई, बरी झाले की मी. पुढची दोन वाक्यं मी कशी हवेत तरंगत बोलले. मग जरा हेडफोन बाजूला केला, आणि खोलीत माझा खरा, फाटका आवाज ऐकू आला. पुन्हा कानाला लावला, पुन्हा तो गोड आवाज.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे ह्यांचं काम! बेस वाढवला असणार, ट्रेबल कापला असणार, आणखी काय काय पिळलं असणार देव जाणे. मला न सांगता, न विचारता! एखादीने नवी साडी नेसून बाहेर पडावं आणि नवऱ्याने मागून वर शाल गुंडाळावी, तसं वाटलं. इतकी खराब झाले का मी, की झाकून पाठवावी लागते?

मी बोलतच होते, तेवढ्यात कानात टक् झालं आणि सगळं गप्प. घड्याळाने दचकून वर बघितलं. आवाज परत आला, अर्धं वाक्य गेलं आणि पुन्हा टक्.

“ट्रान्समीटर ट्रिप होतोय, आपोआप बंद पडतोय!” घड्याळ ओरडला. “मी गाणं लावतो, तुम्ही विचारा काय भानगड आहे ती!”

त्याने गाणं लावलं. तेही दोन ओळींत तुटलं. मी हॉटलाइन उचलली.

“काय चाललंय तिथे?”

“दव,” हे धापा टाकत होते. “रात्रभर दव पडलंय, अजून धुकं आहे. मनोऱ्याच्या बुडाशी वीज अडवणारी चिनी मातीची बैठक ओली झालीय, तिच्यावरून ठिणगी उडतेय. पुसून आलो, पुन्हा ओली होतेय.”

“धुकं काय आजच पडलं? याआधी धुक्याने नाही कधी बंद पडला तो.”

“नाही, ते... आज जरा आवाजाचा भार जास्त पडतोय मशीनवर. बेस खूप दिलाय.”

“कशाला दिलात?”

मागे पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“मी ऐकलं हेडफोनमध्ये,” मी म्हटलं. “लाज वाटते ना तुम्हाला माझ्या आवाजाची? सरळ सांगायचं होतं.”

“लाज कसली!” हे एकदम चिडले. “काहीही काय बोलतेस? घाबरलो होतो मी. तू त्या बिनखिडकीच्या खोलीत कोंडून बसलीस तर घरी येऊन कोण भांडणार माझ्याशी? रोज प्रसारण संपलं, सगळे गेले की इथे बसून लावत होतो. तुझी जुनी टेप ऐकायची आणि तसा येतोय का बघायचं. मला दुसरं काय येतं गं?”

माझा राग कुठे गेला मला कळलंच नाही. डोळे भरून आले. पण घड्याळ काचेपलीकडे नाचत होता, रडायला वेळ कुठला!

“आता काय करायचं ते सांगा,” मी म्हटलं.

“दोन मार्ग आहेत. मी लावलंय ते सगळं तसंच ठेवतो आणि पॉवर अर्धी करतो. मग ट्रिप होणार नाही. आवाज असाच गोड जाईल, गावात खणखणीत ऐकू येईल. तुमच्या साहेबांना तर नक्कीच.”

“आणि गावाबाहेर?”

“डोंगरापलीकडे नाही पोचणार.”

“आणि दुसरा?”

“लावलेलं सगळं काढून टाकायचं आणि पूर्ण पॉवर द्यायची. डोंगरापलीकडे जाईल, समुद्रापर्यंत जाईल. पण मग...” हे थांबले. “मग आवाज जसा आहे तसा जाईल. तू सांगशील ते करतो. लवकर सांग.”

खोटं कशाला बोलू, मोह झाला. चांगलाच झाला. साहेब त्यांच्या खोलीत कान लावून बसले होते, आणि त्यांना गोड आवाज ऐकवायचा तर मी फक्त ‘अर्धी’ म्हणायचं होतं. नोकरी, माइक, लोकांची ओळख, सगळं जागच्या जागी. पण मग उद्या? परवा? जन्मभर हे तिथे बसून मला रफू करत राहणार, आणि मी बाजारात भाजीवाल्याशी खुणांनी बोलणार? शिवाय मला सगळ्यांत जास्त फोन यायचे ते डोंगरापलीकडूनच. तिकडे आमच्याशिवाय दुसरं स्टेशनच लागत नाही.

“काढून टाका सगळं,” मी म्हटलं. “पूर्ण पॉवर द्या.”

“बघ हं. नक्की?”

“आता उगाच मला विचारात पाडू नका. द्या म्हटलं ना!”

“बरं,” हे म्हणाले, आणि पुन्हा ड्यूटीवरच्या आवाजात, “स्टुडिओ, सुरू करा.”

लाल दिवा लागला. मी बोलले आणि कानात माझा फाटका आवाज आला. तुटला नाही, गुळगुळीतही झाला नाही. आता माघार कुठे!

“श्रोतेहो, मघाशी जरा व्यत्यय आला, माफ करा. आणि आणखी एक. माझा आवाज तुम्हाला वेगळा वाटत असेल. गळ्याचं ऑपरेशन झालंय. मी तीच आहे, आवाज तेवढा बदललाय. चला, पहिला फोन घेऊ.”

पहिला फोन एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंचा. मागे मशीन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं.

“बाई, तुम्हीच ना त्या? घसा बसलाय म्हणून सांगताय की काय?”

“बसला नाही हो, कापला,” मी म्हटलं.

“अगं बाई! मला वाटलं आमचा रेडिओच बिघडला. दोन थपडा मारल्या त्याला!”

मी हसले. ते हसू इतकं घोगरं निघालं की त्याही हसायला लागल्या. काचेपलीकडे घड्याळ काट्याकडे बघायचं विसरून हसत होता.

मग ‘हे रेडिओवर नको’ म्हणाल्या, घड्याळाने मध्येच एक गाणं लावलं, आणि त्या नुसत्या माझ्या कानात म्हणाल्या, “बाई, आमच्या ह्यांना झटका येऊन गेला. बोलणं अडखळतं. म्हणून बोलतच नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसतात. लोक हसतील म्हणतात. आत्ता तुम्ही बोलायला लागलात तसे आतल्या खोलीत खुर्ची ओढून रेडिओपाशी येऊन बसलेत. काही सांगू नका त्यांना, नाहीतर लाजून उठतील. तुम्ही आपल्या नुसत्या बोलत राहा.”

गाणं संपल्यावर मी बोलत राहिले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुधवाल्याशी दाराआडून बोलताना कशी फजिती झाली ते सांगितलं, तो मला माझा दीर समजला होता ते सांगितलं. मध्ये दोनदा श्वास पुरला नाही, तेव्हा थांबले, पाणी प्याले, आणि पाणी पितेय असंही सांगितलं. एकामागून एक फोन येत गेले. कोणी काढा सांगितला, कोणी चौकशी केली, एका आजोबांनी तर कसं झोपायचं तेही शिकवलं.

मान वर केली तर काचेपलीकडे केंद्रप्रमुख उभे. आपल्या खोलीतून उठून कधी आले कोण जाणे. हाताची घडी, चेहरा नेहमीसारखा दगडी. मी पाण्याचा पेला पुढे ओढला. ते घड्याळाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले आणि निघून गेले. घड्याळाचा आवाज माझ्या कानात आला, “साहेब म्हणाले, उद्याही याच वेळेला, आणि यापुढे रोज. आणि ते म्हणाले, पाणी जवळ ठेवत जा.” मग घाईघाईने, “एक फोन आहे अजून. शेवटचा. घेताय ना?”

घ्या म्हटलं. तोंडावर हसू मावत नव्हतं.

“नमस्कार, कोण बोलतंय?”

पलीकडून आधी शब्द आलेच नाहीत, आली ती शिट्टी. लांबलचक, कानात घुसणारी. फोन करणाऱ्याने आपला रेडिओ जवळच मोठ्याने लावून ठेवला की हे असं होतं, त्याचाच आवाज फिरून फोनमध्ये शिरतो. रोज एखादा तरी श्रोता हा घोळ घालतो. आणि रोज संध्याकाळी घरी आमचे हे त्या श्रोत्याच्या नावाने बोटं मोडतात.

“नाव राहू द्या,” शिट्टीमागून आवाज आला. “पहिल्यांदाच फोन करतोय. कार्यक्रम... म्हणजे, चांगला चाललाय. तो दुधवाल्याचा किस्सा मला कधी सांगितलाच नाही.”

मी डोळे मिटले. इतक्या वर्षांत ह्यांनी लेव्हल सोडून पहिल्यांदा काहीतरी ऐकलं होतं. आणि बोलत होते ते त्या भल्यामोठ्या मशीनशेजारी उभं राहून, स्पीकर पूर्ण मोठा ठेवून.

“श्रोते,” मी कसंबसं म्हटलं, “आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा बघू. शिट्टी येतेय.”

“येऊ दे,” हे म्हणाले. “मी नाही कमी करत. तू बोल.”

घड्याळाचा हात फोन तोडायला बटणाकडे गेला. मी मान हलवून त्याला थांबवलं, आणि त्या शिट्टीसकट बोलू लागले.