पिशवीवरचं नाव

लिंबाजीच्या दोन्ही हातांत सुया होत्या. एकीतून रक्त यंत्रात जाई. यंत्र त्यातल्या पांढऱ्या पेशी पिशवीत ठेवून घेई आणि बाकीचं दुसऱ्या सुईनं परत पाठवी. धाराशिवच्या त्या रक्तकेंद्रात हे दुपारपर्यंत चालणार होतं. तोवर हात हलवायचे नव्हते. पिशवी पुतणीसाठी होती. कॅन्सरच्या औषधांनी निकिताच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या, आणि वरच्या मजल्यावर तिचा ताप उतरत नव्हता.

उशाशी निकिताचे वडील बसले होते; लिंबाजीचे थोरले भाऊ, आबाराव. दोघांत अबोला होता. आबारावांनी मुलाच्या लग्नपत्रिकेत सगळी भावकी छापली, त्यात सख्ख्या भावाचं नाव राहिलं. तेव्हापासून दोघं तिसऱ्याच्या तोंडून बोलत. आज तिसरी होती यंत्र सांभाळणारी श्रावस्ती.

"मॅडम, त्यांना इचारा, दुखतंय का."

"त्यांना सांगा, न्हाय."

"ऐकलं त्यांनी," श्रावस्ती म्हणाली. "ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. कॅल्शियम उतरतं. अंगावर काढलंत तर मला मशीन बंद करावं लागेल."

ती शेजारच्या खोलीत फोन घ्यायला गेली, आणि लिंबाजीच्या ओठांना मुंग्या आल्या. त्यानं दाराकडं पाहिलं. तिसरं कुणी नव्हतं.

"मुंग्या यायल्यात," त्यानं यंत्राला सांगितलं.

यंत्र फिरत राहिलं.

"लई का?" आबारावांनी भिंतीला विचारलं.

भिंतीनं पुढं काही कळवलं नाही. मुंग्या बोटांत उतरल्या. पिशवी अजून निम्मीच होती.

"दादा," लिंबाजी म्हणाला, "बोटांतबी आल्या."

आबाराव उठले तशी खुर्ची पडली. श्रावस्ती धावत आली, तिनं यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी काढली. लिंबाजीचे हात अडकलेले. आबारावांनी ती त्याच्या तोंडात घातली.

"चाव."

"चावायलोय की."

"थांबवायचं का?" श्रावस्तीनं विचारलं.

"न्हाय," दोघंही म्हणाले.

मुंग्या ओसरल्या. दुपारी पिशवी भरली. सुया काढायच्या आधी श्रावस्तीनं तिच्यावर चिठ्ठी चिकटवली. आबाराव चष्मा लावून वाकले.

"मॅडम, ह्याच्यावर त्याचं नाव न्हाय. घाला की. लिंबाजी. नीट लिवा."

"रक्तदात्याचं नाव घालत नाहीत, काका. फक्त नंबर असतो."

लिंबाजी छताकडं बघत होता.

"हितंबी न्हाय का?" तो म्हणाला.

आबारावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नंबर तर नंबर," ते म्हणाले. "वर जाऊन पोरीला मी सांगतो, कुणाचाय त्ये."

"नाक खाजवा आधी," लिंबाजी म्हणाला. "सकाळपासनं खाजायलंय."

आबारावांनी खाजवलं.

"डावीकडं, दादा."