सोनिकावर टाकलेलं पाणी

आपल्या लेकीचं, सोनिकाचं नाव फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीच्या वर्गात घालायला कामिनी चर्चच्या ऑफिसात गेली, तेव्हा फादरांनी तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. तो नव्हता. तिचा नवरा जेरोम कोराडीच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर होता. फोनवर म्हणाला, "दवाखान्यातच झाला ना, जन्मली त्या दिवशी. सिस्टरनं केला असंल."

फादरांनी नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. सोनिकाचं नाव तिच्यात कुठंच नव्हतं.

कामिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती शेतकरी घरातली हिंदू मुलगी; लग्न चर्चमध्ये झालं तरी ती आपल्या धर्मातच राहिली होती. शिवाय धंतोलीच्या त्या मिशन दवाखान्यात सोनिका सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा कामिनी स्वतः बेशुद्ध होती. बाळाजवळ होती तिची आई, अंजनाबाई.

संध्याकाळी तिनं आईला विचारलं. अंजनाबाई मेथी निवडत होत्या.

"म्या टाकलं पाणी," त्या म्हणाल्या.

"तू?"

"पोरगी निळी पडून राहिली होती. जावई रक्त आणाले धावले. जाता जाता मले म्हणाले, पोरीवर पाणी टाकाले सांगा, तिले तसंच जाऊ नका देऊ. सिस्टरचे दोन्ही हात नळ्यांत गुंतले होते. ती म्हणे, आजी, कोणीबी टाकलं तरी चालते, मी सांगतो तसं म्हणा. म्या म्हटलं."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुझ्या बाबाले काय सांगितलं असतं? अन् पोरगी वाचली. म्या म्हटलं, आता बोलून काय करू." मेथीची काडी त्यांनी तशीच हातात धरली. "मधात देवीचंही नाव घेतलं वं. निघूनच गेलं तोंडातून. पयले कोणाचं घेतलं, आता आठवत नाही."

आईवर रागवावं की तिचे पाय धरावेत, कामिनीला कळेना. तिनं उठून गॅसवरचं दूध उतरवलं. ते अजून तापलंही नव्हतं.

फादरांनी अंजनाबाईंना बोलावून ते शब्द तीनदा म्हणायला लावले. तिन्ही वेळा ते वेगळे आले.

"अडचणीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हिंदू असलं तरी," फादर म्हणाले. "पण शब्द बरोबर झाले की नाही, ते कळायला मार्ग नाही. आणि बाप्तिस्मा दोनदा होत नाही. म्हणून मी अट घालून देईन. आधी झाला नसेल तर."

"म्हणजे म्या टाकलेलं लागलं नाही?" अंजनाबाईंनी विचारलं.

"लागलं असेल, तर माझं नुसतं पाणी होईल."

शनिवारी सोनिका वाकून उभी राहिली. "सोनिका, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर," असं म्हणत फादरांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. जेरोमचे डोळे भरून आले. कामिनीला नीट रडूही येईना.

"मम्मी, मी आधीपासून होते का आजपासून झाले?" केस पुसत सोनिकानं विचारलं.

"फादरांना विचार."

"विचारलं. ते म्हणतात, देवाला माहीत."

स्कूटरवर बसेपर्यंत ती तेच विचारत राहिली.

पुढच्या महिन्यात सोनिकाचं कम्युनियन झालं. पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली जागेवर परतल्या आणि मोठी माणसं भाकर घ्यायला रांगेनं वेदीकडे निघाली. अंजनाबाई डोक्यावर पदर घेऊन उठल्या आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण कामिनी कधी त्या रांगेत गेली नव्हती; ती भाकर बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असते. आईला थांबवावं का? तिनं जेरोमकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. ती ठरवेपर्यंत आई फादरांसमोर पोचली होती. फादरांनी भाकर दिली नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि हात काही वेळ तसाच राहू दिला.

"काय म्हणाले?" आई परतल्यावर कामिनीनं कुजबुजत विचारलं.

"समजलं नाही वं," अंजनाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, ते माफी देऊन राहिले. मंग वाटलं, आभार मानून राहिले."

कामिनी थोडी सरकली आणि तिनं आईला बाकावर जागा करून दिली.