हेलेदची जागा

मी एक बाक बोलतोय. बागेतला नव्हे, शाळेतलाही नव्हे. वेल्समधल्या एका लहानशा चॅपेलातला, डाव्या अंगाचा, पुढून चौथा. म्हणजे होतो. आता मी ओकच्या राईत उघड्यावर पावसात भिजत पडलो आहे. त्याची तक्रार नाही. पण एक गोष्ट माझ्या लाकडात अडकून बसली आहे, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला कुजायचं नाही.

जन्मानं मी ओकच. देर्वेन नावाच्या शेतावर माझं झाड उभं होतं. चॅपेल बांधलं तेव्हा प्रत्येक घरानं आपापला बाक दिला, देर्वेनवाल्यांनी अख्खं झाड दिलं. सुतारानं माझी पाठ मुद्दाम ताठ ठेवली, प्रवचनात कुणी डुलकी काढू नये म्हणून. काढणारे काढायचेच. पुढे कधीतरी माझ्या समोरच्या फळीवर ओळीनं गोल भोकं पाडली गेली, प्रभुभोजनातल्या द्राक्षरसाचे चिमुकले पेले ठेवायला. बसणाऱ्या प्रत्येकापुढे एक भोक.

देर्वेनच्या कितीतरी पिढ्या मी मांडीवर घेतल्या. त्यांत माझी लाडकी हेलेद. रविवारी मुलांनी पुढे जाऊन बायबलातलं एक वचन म्हणायचं असतं. ही पठ्ठी दर रविवारी तेच, सगळ्यांत आखूड वचन ठोकून द्यायची आणि धावत माझ्याकडे यायची. मग तिची आई मोर्विथ पर्समधून पेपरमिंटची पांढरी गोळी काढायची. आमच्याकडे प्रवचन सुरू झालं की बाकाबाकावर गोळ्या फिरतात, आणि प्रवचन देणाऱ्या पाळकाला तेवढंच नेमकं दिसत नाही. हेलेद आपली गोळी समोरच्या भोकात ठेवायची आणि प्रवचन संपेपर्यंत तिच्यावर डोळा ठेवून बसायची.

तिचा बाप इथेल माझ्यावर बसत नसे. तो डीकन, म्हणजे चॅपेलचा कारभार बघणाऱ्यांपैकी. डीकन लोक पुढे मोठ्या आसनावर, आमच्याकडे पाठ करून बसतात. फक्त शेवटच्या गीताला ते उठतात आणि वळून सगळ्यांकडे तोंड करून गातात. हेलेद त्या वळण्याची वाट बघायची. इथेलचा खर्ज असा, की तो माझ्या पायांना कळायचा. गाता गाता तो लेकीकडे बघून हळूच एक भुवई उडवायचा, आणि तिला हसू आवरायचं नाही.

इथेल कवीही होता. दर उन्हाळ्यात आमच्याकडे कवींचा मोठा उत्सव भरतो. नावाजलेले कवी तिथं लांब झगे घालून दगडांच्या रिंगणात उभे राहतात आणि त्यांना ड्रुइड म्हणतात. फार पूर्वी ओकच्या राईत देव शोधणाऱ्यांचं ते नाव. इथेलला तो मान मिळाला, त्याला पांढरा झगा चढवला गेला, तेव्हा चॅपेलात केक कापला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग मोर्विथ गेली. हेलेद तेव्हा चांगली मोठी, नोकरी करणारी होती. ती पहाटे देर्वेनच्या राईत जाऊ लागली. तिथं अजून काही माणसं जमायची, झाडांभोवती रिंगण करून उभी राहायची, ऋतू बदलला की त्याचे आभार मानायची. तिथून ती तडक चॅपेलात यायची. तिच्या बुटांचा चिखल माझ्या पायांशी पडायचा. मला तो आवडायचा, माझ्याच घरची माती ती.

गावात अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? एका रविवारी सगळे गेल्यावर इथेल माझ्या टोकाशी येऊन उभा राहिला.

"राईत ड्रुइड होऊन नाचतेस म्हणे."

"नाचत नाही, बाबा. उभी राहते. तुम्ही नाही का झगा घालून दगडांत उभे राहत?"

"तो कवितेचा मान आहे. तिथं कुणी ते खरं मानत नाही."

"हेच म्हणते मी! तुम्ही लुटुपुटीचं केलंत तर केक, मी मनापासून केलं तर पाप? आणि तुमचे दगड फायबरचे आहेत. ट्रकमधून येतात!"

एरवी इथेल हसला असता. त्या दिवशी नाही हसला.

"तिथं हात कुणाला जोडतेस?"

"ज्यानं झाड केलं त्यालाच. आई गेली तेव्हा मला इथं रडू येईना, बाबा. तिथं आलं. म्हणून मी इकडचं सोडलंय का? दर रविवारी येते ना?"

"असा दोन्ही डगरींवर हात चालायचा नाही. इथं बसायचं तर इथलीच होऊन बस."

"म्हणजे मी एक निवडायचं?"

"हो."

ती उठली. माझ्या पाठीवर तिनं क्षणभर हात ठेवला आणि चालू लागली. दारापर्यंत बरंच अंतर होतं. तेवढ्यात तो शब्द मागे घेता आला असता. इथेलनं घेतला नाही.

पुढच्या रविवारी शेवटच्या गीताला तो वळला. माझ्यावर हेलेदची जागा रिकामी होती. त्याचा खर्ज मधेच फाटला. असे काही रविवार गेले आणि मग त्यानं वळणंच सोडलं. सगळे डीकन आमच्याकडे तोंड करून गायचे, हा एकटा व्यासपीठाकडे बघत उभा. लोक म्हणाले, गुडघे गेले त्याचे.

पण मी जे पाहिलं ते लोकांना ठाऊक नव्हतं. इथेल सगळ्यांच्या आधी यायचा, खिशातून पेपरमिंटची गोळी काढायचा आणि हेलेदच्या भोकात ठेवून मुकाट पुढे जायचा. दर रविवारी.

अशी वर्षं गेली. एका हिवाळ्यात शेवटचं गीत चालू असताना मागचं दार उघडलं. माझी पाठ दाराकडे, पण ते बूट मी ओळखले. चिखलाचा वासही ओळखला. ती दारातच थांबली. बाकीचे दोन डीकन समोरच होते, पण एकानं उंच सुरासाठी डोळे मिटलेले आणि दुसऱ्यानं पुस्तक नाकाला लावलेलं. इथेल पाठ करून उभा. वळ रे, वळ बाबा, मी लाकडातून ओरडत होतो. लाकडाचं कोण ऐकतं? कडवं संपायच्या आत दार पुन्हा लागलं.

त्यानंतर हेलेद आली ती इथेलच्या अंत्यविधीलाच.

सगळे चहाला गेले तेव्हा ती एकटी माझ्यावर, आपल्या जागी बसून राहिली. तिच्यापुढच्या भोकात गोळी होती. ऑर्गन वाजवणारी आणि सोमवारी झाडूही मारणारी नेस्ता फुलं आवरायला आली.

"नेस्ता आँटी, ही कुणाची?"

"तुझीच. तुझा बाप ठेवायचा, दर रविवारी. दर सोमवारी मी खायचे. टाकवत नव्हती ना! दातांची पार वाट लागली माझ्या. ही शेवटची मात्र खाववली नाही."

"मला कधी बोलली का नाहीस?"

"त्यानं तोंडाला कुलूप घातलं होतं माझ्या. म्हणायचा, आपणहून येईल तेव्हा तिलाच सापडेल."

"मी आले होते." हेलेद दाराकडे बघत म्हणाली. "सगळे तोंड करून गात होते आणि बाबा पाठ करून. मला वाटलं, मला बघूनच फिरवली."

नेस्ता मटकन तिच्याशेजारी बसली. "अगं बाळा, तो तुझ्याकडे पाठ करत नव्हता. तुझी रिकामी जागा बघवायची नाही त्याला."

मग हेलेद रडली. चॅपेलात, माझ्यावर, पहिल्यांदाच.

पुढे माणसं उरली नाहीत आणि चॅपेल बंद पडलं. हेलेदनं मला देर्वेनच्या राईत आणलं, जिथून मी निघालो तिथंच. रविवारी सकाळी ती माझ्यावर बसते आणि जुनी गीतं गाते. आपला सूर गाते आणि खर्जाच्या जागी थांबते. तेवढा वेळ राईत काही ऐकू येत नाही. मग ती पुढचं कडवं घेते. चॅपेल सोडल्याचं दुःख नाही म्हणते, पण दारातून परत फिरल्याचं आहे.

माझा एक पाय कुजला आहे. भोकांत पावसाचं पाणी साचतं. जाण्यापूर्वी एवढंच मागतो. तुमच्याही घरात कुणाची जागा रिकामी असेल. बघवत नसली तरी तिच्याकडे तोंड करून उभे राहा. दारात कुणी आलेलं असेल.